मेंढराला काय पायजे ते आधी सांग

आम्ही चौघं जण रविवारी रात्री जेवणं झाली की वकिलाच्या घरी जमतो, जुळे सोलापुरात, आणि एक खेळ खेळतो. फासे, कागद, पेन्सिल आणि तोंड एवढंच सामान. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नसतं. गोष्ट चालवायचं काम माझ्याकडं. तर यंदा आमची मंडळी सपाट मुलुख सोडून डोंगरात शिरणार होती, तिथं त्यांना एक भटकी मेंढपाळ जमात भेटणार होती, आणि ती जमात अख्खीच्या अख्खी मला बनवायची होती. लग्नं, देव, खाणं-पिणं, भांडणं, सगळं. नाव आधी ठरलं, कडाळ. नाव ठरवायला कधीच वेळ लागत नाही, वेळ लागतो तो पुढं.

नेटवर बघितलं तर अशा जमाती तयारच मिळतात. शिंगांचे मुखवटे, अंगभर गोंदण, एक म्हातारी जी धुरात बघून भविष्य सांगते, आणि सगळे पुरुष शूर. मेंढ्या कुठंतरी मागं चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या. मी आमच्यातल्या मास्तरला फोन लावला, तो झेडपीच्या शाळेत शिकवतो आणि जातीनं धनगर, आजा आयुष्यभर मेंढरामागं फिरलेला. त्याला म्हटलं पोशाख काय ठेवू. तो म्हणाला, "काय करलालास बे, कापडं काय इचारतोस? मेंढराला काय पायजे ते आधी सांग. माणसं त्याच्या मागनं फिरत असत्यात." आणि एक अट घातली, आमचा देव बिरोबा उचलायचा नाही, त्याला तिथंच राहू दे, बाकी काय पण घे.

मग मी मामाकडं गेलो. मामाचं रान मंगळवेढ्याकडं, काळी जमीन, ज्वारीचं शिवार. त्या ज्वारीला आता जीआय मानांकन आहे पण मामाला त्याचं काय नाही, त्याला कडब्याचा भाव विचारा. ज्वारी निघाली की तिथं धनगरांचे वाडे येतात. वाडा म्हणजे घर नाही, सगळा फिरता संसार, घोड्यावर लादलेला, वर कोंबड्या, वर एखादं लंगडं कोकरू. रात्री मेंढ्या रानात बसवायच्या, लेंडी-मुताचं खत रानाला, बदल्यात शेतकऱ्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे. पूर्वी पायलीनं धान्य, आता बहुतेक रोख.

मी संध्याकाळी तिथं जाऊन बसलो होतो. दिवसभर बारकी कोकरं वाघरात कोंडलेली असतात कारण त्यांना चालवत नाही, वाघर म्हणजे मेखांवर ताणलेली जाळी. सूर्य टेकला आणि लांबून कळपाचा आवाज आला तशी ती सगळी कोकरं एकदम ओरडायला लागली. जाळी उचलली आणि जो काय गोंधळ झाला, मला वाटलं आता तासभर निस्तरणार नाही हे, पण थोड्या वेळात प्रत्येक कोकरू बरोबर आपल्या आईखाली, शेपटी हलवत. फक्त एक राहिलं. आई त्याला हुंगायची आणि लाथ मारायची. मग वाड्यातल्या मावशी उठल्या, मेंढीला गुडघ्यानं मेखेला दाबून धरली, मागचा एक पाय काखेत घेतला, दुसऱ्या हाताच्या बोटानं कोकराचं तोंड उघडलं आणि सडाला लावलं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पयलं वेत हाय दादा तिचं. कळंना अजून तिला." कोकरू प्यायला लागलं तरी त्यांनी पाय सोडला नाही, पोट भरल्यावरच सोडला.

मी विचारलं किती बकरी आहेत मावशी. त्या म्हणाल्या, "हायती की देवाच्या दयेनं." मामा नंतर मला झापला, असं आकडा विचारू नये म्हणून.

ते मी तसंच कडाळांना दिलं. कडाळ मेंढरांचा आकडा कधी बोलत नाहीत, मोजलं की घटतं असं मानतात. रविवारी सांगितलं तर वकील लगेच म्हणाला, "मस्त की, म्हणजे कर बुडवायची सोय." मी तसा विचारच केला नव्हता पण त्याचं खरं होतं, खालच्या राजाचा माणूस मेंढरामागं कर घेणार आणि ह्यांच्या धर्मात आकडा बोलायचा नाही. मग राजाच्या माणसानं काय केलं असेल, तर तो नदीवरच्या पुलावर बसून एकेक मेंढरू जाताना मोजत असेल. मग कडाळांनी काय केलं असेल, तर अर्धा कळप वरच्या अंगानं पाण्यातनं घातला असेल, आणि पूर असताना पाण्यात मेंढरं घालणं ही मर्दुमकी ठरली असेल, त्याची गाणी झाली असतील. एका न बोललेल्या आकड्यातनं पूल, कर, पूर आणि गाणी एवढं निघालं, आणि ह्यातलं निम्मं मला सुचलेलं नाही, समोरच्यांनी खोड्या काढल्या म्हणून निघालं. तेव्हापासनं मी रीत लिहिली की त्याखाली एक ओळ रिकामी ठेवतो, ही रीत कोण मोडेल आणि का. जिच्याखाली काहीच लिहिता येत नाही ती रीत खोडून टाकतो, कारण ती नुसती शोभेची.

आता कॅलेंडर. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून जरा लांबण लावतो. मेंढी साधारण १५० दिवस, म्हणजे पाच महिने गाभण असते. डोंगरात उंच खिंडी बर्फ वितळल्यावर उघडतात, हिमाचलातले गद्दी लोक धौलाधार ओलांडून जातात त्यातली इंद्रहार खिंड ४,३०० मीटरच्या वर आहे, आपलं सोलापूर ५०० मीटरच्याही खाली. तर माझ्या डोंगरातल्या खिंडी ज्येष्ठात उघडतात असं धरलं. चढायला लागताना कोकराच्या पायात बळ पाहिजे, म्हणजे ते दोन-अडीच महिन्यांचं तरी पाहिजे, म्हणजे जन्म फाल्गुनात. फाल्गुनातनं पाच महिने मागं मोजा, आश्विन येतो. म्हणजे एडका, कळपातला नर, आश्विनातच मेंढ्यांत जायला पाहिजे, आधी गेला तर कोकरं ऐन थंडीत पडणार आणि गारठून मरणार.

पण एडक्याला आश्विन कळत नाही. मग त्याला थांबवायचं कसं? आफ्रिकेतले मासाई लोक एडक्याच्या पोटाखाली कातड्याचा पडदा बांधतात, असं वाचलेलं होतं. तेच घेतलं. कडाळांच्या प्रत्येक एडक्याला पडदा असतो, तो घरातल्या पोरी शिवतात, त्यावर घरची खूण असते, आणि आश्विनात परतीच्या वाटेवर सगळे वाडे एका पठारावर जमतात तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातानं पहिला पडदा सुटतो. त्याला म्हणतात पडदा सोडणं, आणि तो सुटेपर्यंत जमातीत लग्नाची बोलणी करायची नाहीत. का? तर माणसांची लग्नं आणि मेंढरांची लग्नं एकाच वेळी म्हणजे पाव्हणे एकदाच जमतात, खर्च एकदाच. चादरवाला म्हणाला, आमच्याकडं पण असंच, थोरल्याच्या लग्नात धाकट्याचं उरकून टाकतात.

चादरवाला म्हणजे आमचा तिसरा. घराणं पद्मशाली, पणजोबा तेलंगणातनं आले, आधी हातमाग मग पॉवरलूम, आता यंत्रमाग बंद पडलेत आणि हा टॉवेलचा व्यापार बघतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की कडाळ बायका घोंगड्या विणतात. त्यानं विचारलं, "माग कुठं ठेवतेत?" म्हटलं तंबूत. तर हसायला लागला. हातमागाला आमच्याकडं खड्डा असायचा म्हणाला, विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो, तुझी माणसं रोज उठून खड्डा काय पाठीवर घेऊन जाणार काय. मग त्यानंच कागदावर काढून दाखवलं. जमिनीत चार मेखा, त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, विणणारी बाई कापडावरच सरकत पुढं जाते, आणि मेखा उपटल्या की अर्धं विणलेलं कापड गुंडाळून घोड्यावर टाकता येतं. पण मग पन्हा बारका येतो, हात पोचेल तेवढाच. म्हणजे तंबू असा एका कापडाचा होणारच नाही, पट्ट्या-पट्ट्या जोडूनच होणार. लडाखातले चांगपा लोक याकच्या केसाच्या पट्ट्या शिवून तंबू करतात, रेबो म्हणतात त्याला. माझ्या लोकांना मी बकऱ्यांचे केस दिले, पाणी पडलं की ते केस फुगतात आणि वीण घट्ट होते, गळत नाही.

तर पट्ट्या. ह्या पट्ट्यांनी मला जेवढं दिलं तेवढं देवांनी पण नाही दिलं. दरसाल एक नवी पट्टी विणायची, तंबूच्या मधोमध शिवायची, आणि कडेची सगळ्यात जुनी, झिजलेली काढून टाकायची. म्हणजे तंबू कधी नवा नसतो आणि कधी जुना होत नाही. काढलेल्या पट्टीचं खोगीर होतं, मग झोळी होते, मग चिंध्या. लग्न होऊन येणारी बाई माहेरची एक पट्टी घेऊन येते. भाऊ वेगळे झाले की तंबू उसवून पट्ट्या वाटायच्या. इथं वकिलाला तंबू म्हणजे सातबाराच दिसायला लागला, मधली पट्टी कुणाची, विधवेची पट्टी कुणाकडं, बायकोनं आणलेली वाटणीत धरायची का नाही, रात्री साडेबारापर्यंत तेच चाललं होतं, खेळ राहिला बाजूला.

आणि त्या बोलण्यातनंच पुढचं निघालं. कडाळ वय मोजत नाहीत (मोजायचंच वावडं आहे ना त्यांना), मग पोरगं मोठं झालं हे कसं ठरणार? तर ज्या वर्षी जन्म झाला त्या वर्षीची पट्टी सरकत सरकत कडेला येऊन तंबूतनं निघाली, की पोरगं मोठं झालं, लग्नाला योग्य. वीस पट्ट्यांचा तंबू असेल तर साधारण वीस वर्षं लागतात. मी खूश, अगदी डोकं चाललंय म्हटलं आपलं. तेवढ्यात मास्तर म्हणाला, "आन् गरिबाचा तंबू?" गरिबाचा तंबू बारका. बारा पट्ट्यांचा. म्हणजे गरिबाची पोरगी बाराव्या वर्षी मोठी.

कुणी काही बोललं नाही मग जरा वेळ. मी म्हटलं बदलतो, सगळ्यांना वीस पट्ट्या करतो. मास्तर म्हणाला, "बदलू नको. बरोबर हाय ते. माझ्या वर्गातल्या पोरींचं काय येगळं हाय?" मग ते ठेवलं, आणि त्याखालच्या रिकाम्या ओळीत लिहिलं की गरीब आया जुनी पट्टी काढायच्या वर्षी मुद्दाम विसरतात, झिजलेली पट्टी ठिगळं लावून तंबूत ठेवतात, आणि शेजारणी ते बघून न बघितल्यासारखं करतात.

खाण्याचं पटकन सांगतो. उंचावर पाणी लवकर उकळतं पण कमी तापमानाला, ४,००० मीटरवर साधारण ८७ अंशाला, त्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि झाडं संपली की सरपण पण नाही, लेंड्याच जाळायच्या. म्हणून आधीच भाजून दळलेलं जवाचं पीठ, ताकात कालवायचं आणि खायचं, शिजवायची भानगडच नाही. ज्वारी त्या उंचीला येत नाही म्हणून नाइलाज, पण आपली कडक भाकरी मी सोडली नाही, जवाची केली. महिनोन्महिने टिकते, वजनाला हलकी, फिरत्या माणसाला अजून काय पाहिजे. खारवलेलं लोणी आहे. शेंगाचटणी वकिलानं मागितली होती, दिली नाही. मीठ मात्र डोंगरात नाही, ते खालनंच येणार, माणसांपेक्षा मेंढरांना जास्त लागणार, आणि म्हणून खालच्या गावाशी कितीही वैर असलं तरी मिठाच्या दिवसात हत्यार काढायचं नाही, हा एक कायदा.

देवाचं मी सगळ्यात शेवटी केलं. मंगळवेढ्याकडच्या हुलजंतीची यात्रा मी बघितलेली आहे, दिवाळीतली, महालिंगरायाची. पालख्यांच्या भेटी, ढोल, अंगावर भंडाऱ्याचा एवढा थर की माणूस ओळखू येत नाही, आणि अमावास्येच्या रात्री शंकर-पार्वती येऊन शिखराला मुंडास बांधतात अशी श्रद्धा, सकाळी ते बघायला नुसती झुंबड. हे उचलायचं नव्हतं, मास्तरला शब्द दिलेला. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नव्हती, भाकणूक. पाऊस कसा, पीक कसं, रोगराई कुठं. लोक कान टवकारून ऐकतात. आणि त्याच गर्दीत, भाकणुकीच्या आधी आणि नंतर, माणसं एकमेकांना विचारत असतात की तुमच्याकडं पाणी कुठवर हाय, चारा हाय का, औंदा कुठं जाणार. मला तर वाटलं यात्रेचं निम्मं काम हेच. कडाळांना म्हणून मी देव दिला पण भविष्य सांगणारी म्हातारी दिली नाही. त्यांच्याकडं पठारावर प्रत्येक वाड्याचा एक माणूस दगडावर चढतो आणि गेल्या वर्षी कुठली खिंड कशी होती, कुठं गवत विषारी निघालं, कुठं लांडगे, एवढं शपथेवर सांगतो. देवाचं काम एवढंच की दगडावर चढून खोटं बोललं तर तो बघतो. आणि खोटं बोलायचं कारण आहे की, चांगल्या कुरणाचा पत्ता कोण स्वतःहून सांगेल?

मेलेल्या माणसाचं पण करावं लागलं, वर जाळायला लाकूड नाही आणि जमीन गोठलेली, म्हणून दगड रचतात. ते फार वाढवलं नाही.

मग प्रत्यक्ष खेळ झाला. श्रावणातली रात्र, उंच कुरण, आमची मंडळी पाहुणी म्हणून उतरलेली. मास्तरचं पात्र सैनिक, वकिलाचा व्यापारी, चादरवाल्याचा चोर. एवढं सगळं रचून ठेवलेलं, तंबू, पट्ट्या, दगड, आणि ह्या चोरानं काय करावं, तर एडक्याच्या पडद्यावरचे चांदीचे मणी दिसले म्हणून रात्री पडदा कापून घेतला. फासे पण साल्याच्या बाजूनं पडले. सकाळपर्यंत एडका मोकळा मेंढ्यांत.

मी मनात मोजलं, श्रावण अधिक पाच, पौष. बर्फात कोकरं पडणार.

कडाळांनी त्याला पकडलं तेव्हा वकिलाला वाटलं आता हात तोडतील नाहीतर कड्यावरनं ढकलतील, त्यानं दंड भरायची तयारी पण केली, थैली काढली. पण पैशानं त्या कोकरांचं काय होणार? त्या लोकांना पौषात एक जास्तीचा माणूस पाहिजे, रात्रभर जागणारा. म्हणून शिक्षा अशी दिली की चोरानं पौषात परत यायचं आणि त्याच्यामुळं जेवढी कोकरं पडतील ती सगळी आपल्या अंगरख्यात घालून जगवायची. गद्दी लोक असंच करतात, त्यांचा लोकरी चोळा असतो आणि कमरेला काळ्या लोकरीचा दोर गुंडाळलेला, डोरा, त्यामुळं छातीशी खोळ तयार होते आणि त्यात कोकरू बसतं. आणि येईलच ह्याचा भरवसा काय म्हणून सैनिकाला ओलीस ठेवून घेतला. मास्तर भडकला, मी काय केलं म्हणून. म्हटलं पाहुणा एक असो का तीन, एकाच भाकरीचे, रीत आहे. ती मी तिथल्या तिथं काढली होती पण बरी वाटली, लिहून टाकली.

चादरवाला आला पौषात. पुढचे रविवार आम्ही त्याची कोकरंच जगवत होतो, रोज रात्री एक फासा, मामाकडच्या मावशींनी केलं तसं मेंढीला गुडघ्यानं दाबून धरायचं, बोटानं तोंड उघडायचं, हे त्याला सगळं करून दाखवायला लावलं. काही मेली. सात जगली. आणि मग त्यानं विचारलं की ही सात आता कुणाची? मेंढ्या कडाळांच्या, पण मी नसतो तर ही मेली असती.

तू नसतास तर झालीच नसती, असं वकील म्हणाला, आणि परत तो साडेबाराचा वाद सुरू. शेवटी मास्तरनं तिथनंच गावाकडं चुलत्याला फोन लावला, एवढ्या रात्री, आणि सगळं खरंच घडलंय अशा पद्धतीनं सांगितलं. स्पीकरवर चुलते म्हणाले, "त्यात काय एवढं? अर्धलीनं राखायला दिली म्हणा की. निम्मी त्याची, निम्मी मालकाची. सातवं इकून पैसं वाटून घ्या, आन् झोपा आता."

तसंच केलं. आता चादरवाल्याच्या चोराकडं तीन कोकरं आणि सातव्याचे निम्मे पैसे आहेत, तो ज्येष्ठात कडाळांबरोबर खिंड चढणार म्हणतोय, आणि ज्या खजिन्यासाठी आमची मंडळी डोंगरात आली होती त्याचं नाव कुणी काढत नाही. मला आता कोकरांच्या कानावरच्या खुणांची रीत ठरवायची आहे, कारण त्याची तीन वेगळी ओळखायची कशी हे त्यानं विचारून ठेवलंय.